कुस्कोच्या कृत्तिका आणि वर्ध्याचा मृग

वर्धा विषुववृत्ताच्या उत्तरेला जवळपास २१ अंशांवर, तर पेरू देशातलं कुस्को दक्षिणेला साडेतेरा अंशांवर. नुसता नकाशा पाहिला तर कुस्कोत आपल्याहून जास्त उकडायला हवं. पण जूनच्या रात्री तिथं पारा शून्याशी खेळत असतो, आणि त्याच जूनमध्ये पाऊस लांबला तर वर्ध्यात कूलर पहाटेपर्यंत घरघरत असतात. हा सगळा उंचीचा खेळ. वर्धा शहर समुद्रसपाटीपासून जेमतेम २३५ मीटर वर. जिल्ह्यातला गरमसूरचा डोंगर धरला तरी सहाशेच्या आसपास. महाराष्ट्राचं सर्वोच्च शिखर कळसूबाई, ते १,६४६ मीटर. कुस्को ३,४०० मीटरवर आहे आणि ते काही शिखर नव्हे. बाजार, शाळा, फुटबॉलची मैदानं असलेलं नांदतं शहर आहे. दर हजार मीटर चढलं की हवा साधारण साडेसहा अंशांनी थंड होते, एवढ्या एका नियमात तिथला गारठा बसतो.

२०२३ च्या जूनमध्ये तिकडं जाणं झालं. मुलगी-जावई लिमात असतात. एवढ्या लांब येताच आहात तर अँडीज पाहिल्याशिवाय परत जायचं नाही, असा त्यांचा हुकूम. तोवर अँडीज म्हणजे माझ्या लेखी शाळेच्या नकाशात दक्षिण अमेरिकेच्या डाव्या कडेनं उतरत गेलेली तपकिरी पट्टी. ही पट्टी सुमारे सात हजार किलोमीटर लांब आहे. प्रशांत महासागराच्या तळाचा नाझ्का नावाचा भूपट्ट वर्षाला काही सेंटिमीटर या वेगानं खंडाखाली घुसतो, त्या रेट्यानं हे पर्वत उचलले गेले आणि अजूनही काम थांबलेलं नाही. १९६० साली चिलीत झालेला ९.५ तीव्रतेचा भूकंप, आजवर मोजला गेलेला सर्वांत मोठा, तो याच रेट्याचा. आपली काळी माती ज्या लाव्ह्याची झाली तो साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरांवर थर पसरून निवांत झाला. त्यामुळे जमीन म्हणजे स्थिर वस्तू, हा वर्धेकराचा पक्का समज. तिकडच्या लोकांचा तसा नाही.

लिमा समुद्रकाठी. तिथून विमान तासाभरात कुस्कोला टेकतं, आणि सगळी गंमत इथंच होते. हवेत प्राणवायूचं प्रमाण वरही २१ टक्केच असतं, पण हवेचा दाबच दोन-तृतीयांशावर आलेला. म्हणजे प्रत्येक श्वासात प्राणवायू तेवढा कमी. हॉटेलचा एक जिना चढून मी उंबऱ्याशी उभा राहिलो तो बोलायलाच येईना. बॅगेत घरून आणलेलं चिवड्याचं बंद पाकीट टम्म फुगलेलं. आतली हवा वर्ध्याच्या दाबाला भरलेली होती. डोकेदुखी, मळमळ, झोप न लागणं, या त्रासाला तिकडं ‘सोरोचे’ म्हणतात. उपाय म्हणून कोकाच्या पानांचा चहा समोर येतो. पेरूत तो राजरोस मिळतो आणि बाजारात पानांचे ढीगच्या ढीग असतात, पण कोकेन याच पानांतून काढतात, तेव्हा आठवण म्हणूनसुद्धा पुडी भारतात आणू नये. खरा उपाय एकच: पहिले दोन दिवस काही न करणं, आणि जमल्यास कुस्कोहून आधी खाली उरुबांबाच्या खोऱ्यात मुक्कामाला जाणं. लोक मात्र पैसे वसूल करायच्या घाईत पहिल्याच दुपारी किल्ले चढायला निघतात.

विदर्भातून जाणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट बघावी, जी सहल कंपनीच्या माहितीपत्रकात सहसा नसते. आपल्याकडं सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचं प्रमाण मोठं आहे. ज्यांचा रिपोर्ट ‘एएस पॅटर्न’ येतो ते केवळ वाहक. एरवी त्यांना काही होत नाही आणि पुष्कळांना आपण वाहक आहोत हेही माहीत नसतं. पण तीन हजार मीटरच्या वर, प्राणवायू कमी पडला की त्यांच्याही तांबड्या पेशी विळ्याचा आकार घेऊ शकतात, प्लीहेचा रक्तपुरवठा तुंबतो आणि पोटात डावीकडे वर असह्य कळ येते. अशी उदाहरणं वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेली आहेत. ‘एसएस’, म्हणजे प्रत्यक्ष रुग्ण असलेल्यांनी तर अशा उंचीचा विचारच करू नये. साधी सोल्युबिलिटी चाचणी आणि गरज पडल्यास इलेक्ट्रोफोरेसिस, एवढं जाण्याआधी करून घेणं फार स्वस्तातलं शहाणपण आहे.

मग तिथले लोक कसे राहतात? पिढ्यान्‌पिढ्या उंचीवर राहिलेल्या अँडीजवासीयांच्या रक्तात हिमोग्लोबिन जास्त असतं. तिबेटी लोकांनी याच अडचणीवर वेगळी तोड काढली; त्यांचं हिमोग्लोबिन तितकं वाढतच नाही. अँडीजच्या तोडीला किंमत मोजावी लागते. काहींचं रक्त इतकं दाट होतं की तोच आजार होऊन बसतो. पेरूचे डॉक्टर कार्लोस मोंगे यांनी १९२० च्या दशकात त्याचं वर्णन केलं आणि त्यांच्याच नावानं तो ओळखला जातो.

कुस्कोहून पुनोला जाणारा रस्ता ४,३०० मीटरवरच्या ला राया खिंडीतून पलीकडच्या पठारावर उतरतो. उतरतो म्हणायचं एवढंच, कारण हे पठारही ३,८०० मीटरच्या वर आहे आणि त्यावर तितिकाका नावाचं समुद्रासारखं सरोवर आहे. त्याच्या काठच्या एका खेड्यात आम्ही एका शेतकरी कुटुंबाकडं राहिलो. घरात केचुआ बोलणारी आजी, तिचा म्हातारा, सून आणि शाळकरी नातवंडं. मटण नको म्हटल्यावर सुनेनं किनवाचं सूप केलं, आणि आम्ही तिच्या चुलीवर तुरीचं वरण लावलं.

इतक्या उंचीवर पाणी सुमारे ८७ अंशांनाच उकळतं. ते कितीही खदखदलं तरी त्याहून तापत नाही, म्हणून उघड्या भांड्यात डाळ तासन्‌तास उकळून कडक ती कडकच राहते. कुकरही पुरता हात देत नाही. शिटी आतला दाब बाहेरच्या दाबाहून ठरावीक जास्त ठेवते. बाहेरचाच कमी, तर आतलाही कमी. आपल्याकडं कुकरच्या पोटात १२० अंश होतात, तिथं ११५ च्या आत. सुनेला हे पाठ होतं. आम्ही तीन शिट्ट्यांनी कुकर उतरवायला गेलो तर तिनं हात धरला आणि आणखी बराच वेळ शिट्ट्या होऊ दिल्या. डाळ झकास शिजली.

या पठाराचं खरं अन्न बटाटा. सात-आठ हजार वर्षांपूर्वी याच सरोवराच्या आजूबाजूला माणसानं तो रानातून शेतात आणला. पिवळे, जांभळे, काळे, बोटासारखे लांब, गाठाळ. लिमाच्या आंतरराष्ट्रीय बटाटा केंद्रानं, जे १९७१ साली सुरू झालं, चार हजारांहून अधिक लागवडीचे वाण सांभाळून ठेवलेत. एकाच शेतात दहा-वीस वाण मिसळून लावण्याची तिथली रीत आमच्या कृषी अधिकाऱ्याला गबाळी वाटेल. पण ज्या जमिनीवर एका रात्रीच्या दहिवरानं पीक काळं पडतं, तिथं काही वाण थंडीला टिकतात, काही किडीला, काही कोरड्याला. सगळं एकदम जात नाही. एकाच बीटी कपाशीवर सगळं शिवार लावून बसलेल्या आपल्या जिल्ह्यात हे सांगताना जरा जपूनच सांगावं लागतं.

मातीवर मेहनत करणारे किती बारकाईनं विचार करतात, याचा एक नमुना सरोवराकाठी दिसतो. शेतात उंच वरंबे आणि मधून पाण्याचे पाट, याला ‘वारू-वारू’ म्हणतात. दिवसा पाटांतलं पाणी ऊन पिऊन घेतं आणि रात्री ती ऊब सोडतं; त्यानं वरंब्यावरच्या पिकाभोवतीची थंडी एखाद-दोन अंशांनी बोथट होते आणि तेवढ्यानं रोप वाचतं. ही पद्धत मोडीत निघाली होती. पुरातत्त्वज्ञांनी आणि गावकऱ्यांनी मिळून १९८० च्या दशकात ती काही ठिकाणी पुन्हा उभी केली. आपल्याकडं सोयाबीनला रुंद वरंबा-सरी करतात ती जास्तीचं पाणी निघून जावं आणि उघडिपीत ओल टिकावी म्हणून. काम वेगळं, रचना तीच.

जून-जुलै हे तिथले कडक थंडीचे, कोरडे दिवस. याच दिवसांत चुन्यो होतो. सपाट गवताळ जागेवर लिंबाएवढे बटाटे एकेरी पसरतात आणि रात्रभर उघड्यावर सोडतात. सकाळी त्यांवर पांढरी साय आलेली असते आणि हातात घेतला तर गारगोटीसारखा टणक. दुपारच्या उन्हानं तो सुटतो, मऊ पडतो. मग घरातली माणसं अनवाणी पायांनी लहान लहान ढिगांवर चालू लागतात. पाय घासत, टाच दाबत. बोटांमधून गढूळ पाणी चिळकांडी मारून उडतं आणि सालं सुटून पायाला चिकटतात. माझ्या बायकोनं चपला काढून दोन फेऱ्या मारल्या आणि गारठ्यानं उडी मारून बाहेर आली, आजी पोट धरून हसली. असं काही दिवस-रात्र चालतं. शेवटी उरतो तो काळा, हलका, खडखडीत वाळलेला बटाटा, जो वर्षानुवर्षं टिकतो. गोठताना पेशींमधल्या पाण्याचे स्फटिक होतात आणि पेशींच्या भिंती फोडतात, म्हणून पाणी पायानं निघतं. उरलेलं विरळ, कोरडी हवा ओढून घेते. पांढरा चुन्यो करायचा तर तोच बटाटा काही आठवडे वाहत्या गार पाण्यात ठेवतात, त्यात कडू वाणांमधलं विष धुऊन जातं. आमच्या गच्चीवर एप्रिल-मेमध्ये बटाट्याचा कीस आणि कुरडया वाळतात त्या ४५ अंशांच्या भरवशावर. या बायकांचं वाळवण हिवाच्या भरवशावर. इंका राजांची कोठारं याच चुन्योनं भरलेली असत, आणि पुढं पोतोसीच्या चांदीच्या खाणीत स्पॅनिश लोकांनी राबवलेल्या मजुरांचं पोटही यावरच भरलं.

सहज मनात आलं ते सांगतो. बटाटा इथला. शेंगदाणा अँडीजच्या पूर्व पायथ्याचा, बोलिव्हिया-अर्जेंटिनाच्या सीमेकडचा. मिरचीचं कूळ याच खंडातलं, साबुदाणा ज्या कंदाचा होतो तो ब्राझीलकडचा. भगर वगळली तर आपली एकादशीची थाळी जवळपास अख्खी दक्षिण अमेरिकेची आहे. त्या खंडाच्या शेजारी मेक्सिकोत एक वर्धेकर आयुष्याची दोन-तीन दशकं शेतीच्याच कामात राहून गेला, हेही फार जणांना ठाऊक नसतं. पांडुरंग सदाशिव खानखोजे. वर्ध्यात जन्म, गदर चळवळीत उडी, मग इंग्रजांचा ससेमिरा चुकवत १९२४ च्या सुमारास मेक्सिको. चापिंगोच्या कृषी विद्यालयात त्यांनी शिकवलं, मक्याच्या वाणांवर संशोधन केलं, शेतकऱ्यांसाठी मुक्त शाळा काढल्या. दिएगो रिव्हेरा या थोर चित्रकारानं त्यांना आपल्या भित्तिचित्रात रंगवलं आहे. स्वातंत्र्यानंतर ते परतले आणि १९६७ साली नागपुरात वारले. जिल्ह्याचं दुर्दैव असं की त्यांचं नाव घेतलं की आधी ते कोण हे सांगावं लागतं.

आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला त्याकडं येतो. २४ जूनला तिकडं सान हुआनचा सण असतो. त्याच्या आगेमागे काही पहाटे अँडीजचे शेतकरी टेकडीवर जाऊन पूर्वेला कृत्तिकांचा पुंजका पाहतात. मे महिन्यात सूर्य कृत्तिकांच्या जवळ असल्यामुळे तो पुंजका दिसेनासा होतो आणि जूनच्या सुरुवातीला पहाटे पुन्हा उगवू लागतो. तो ठळक, मोठा, भरगच्च दिसला तर पाऊस वेळेवर येणार, ऑक्टोबरात बटाटा लावायचा. अंधुक, बारीक दिसला तर पाऊस उशिरा आणि कमी. लावणी काही आठवडे लांबवायची. बटाट्याला लावणीनंतर लगेच ओढ बसली तर उगवणच मार खाते, म्हणून हा निर्णय वर्षाचा असतो. ही चाल नवी नाही. सतराव्या शतकाच्या सुरुवातीच्या एका केचुआ हस्तलिखितात ती नोंदलेली आहे.

ही अंधश्रद्धा म्हणून सोडून देता आली असती. पण मानववंशशास्त्रज्ञ बेन ऑर्लोव्ह आणि हवामानशास्त्रज्ञ जॉन चियांग व मार्क केन यांनी उपग्रहांच्या नोंदी आणि पठारावरचा पाऊस ताडून पाहिला आणि २००० साली ‘नेचर’मध्ये निष्कर्ष छापला. एल निनोच्या, म्हणजे प्रशांत महासागराचं पाणी तापण्याच्या वर्षी जूनमध्ये त्या आकाशात फार उंचावर, डोळ्यांना न दिसणारे विरळ ढग वाढतात. चंद्र-सूर्यावर त्यांचा परिणाम कळत नाही, पण कृत्तिकांसारखे मंद तारे त्यांनी पुसट होतात. आणि एल निनोच्याच वर्षी, चार-पाच महिन्यांनी, पठारावर पाऊस कमी पडतो. म्हणजे शेतकरी तारे पाहत नव्हता, ताऱ्यांच्या आडून ढग पाहत होता. त्याला प्रशांत महासागराचं तापमान माहीत नव्हतं, तरी त्याचा परिणाम तो अचूक जागी मोजत होता.

म्हाताऱ्यानं एका पहाटे आम्हालाही नेलं. घोंगडी लपेटून, दात वाजवत. मला कृत्तिका झळझळीत दिसल्या, पण मागच्या वर्षीच्या माझ्या डोळ्यांत कुठं होत्या तुलनेला? त्यानं बराच वेळ पाहिलं आणि एकट्याच्या एका नजरेवर बोलायचं नसतं, शेजारीपाजारी काय पाहतात तेही विचारायचं असतं, एवढंच नातवाकरवी सांगितलं. हे मला फार आवडलं. एकाच निरीक्षणावर विसंबायचं नाही, हे प्रयोगशाळेत शिकवायला वर्षं जातात.

पेरू आपल्याहून साडेदहा तास मागं. उजाडल्यावर वर्ध्याला फोन लावला तेव्हा तिकडं चार वाजून गेले होते. चुलतभाऊ देवळी तालुक्यात कपाशी-सोयाबीन करतो. पाऊस विचारला तर म्हणाला, “काही नाही ना दादा, मृग कोरडाच गेला. आभाळ येते, गर्मी करते अन् निघून जाते. लोकायनं धूळपेर करून ठेवली, आता बी वाया जाते का काय म्हणून राहिले.” मी कृत्तिकांचं सांगितलं. तो हसला, “आपल्याकडं तं जूनमंधी तारेच दिसत नाही, पाहाव काय?”

त्याचं बरोबर आहे. आपली नक्षत्रं सूर्याची आहेत, आकाशात पाहायची नाहीत. रोहिणी, मृग, आर्द्रा या तारखाच. पंचांगात त्यांना वाहनं असतात, बेडूक आलं की पाऊस, कोल्हा आला की हुलकावणी. अक्षय तृतीयेला बुलडाणा जिल्ह्यात भेंडवळची घटमांडणी होते आणि दुसऱ्या दिवशी विदर्भभर तिची भाकितं छापून येतात. या दोन्हींत मला एक कमतरता वाटते. घटातली ढेकळं भिजली की न भिजली, याचा पावसाशी सांधा जोडणारं काही मधे नाही. अँडीजच्या शेतकऱ्याच्या हाती तो सांधा होता, त्याला त्याचं नाव माहीत नसलं तरी. जुनं म्हणून दोन्ही एकाच पंगतीत बसवणं मला पटत नाही.

आणि तोच सांधा पुढं वर्ध्यापर्यंत येतो. पेरूच्या किनाऱ्याला एरवी थंड पाणी वर येतं, त्यावर मासळी पोसते. काही वर्षांनी नाताळच्या सुमारास पाणी तापतं, मासळी नाहीशी होते. उत्तर पेरूच्या कोळ्यांनी त्याला बाळ येशूचं, एल निनोचं, नाव दिलं. पाणी प्रशांताच्या पूर्व भागात तापलं की हवेचा वर चढणारा खांब तिकडं सरकतो, आणि आपल्या बाजूला हवा खाली दबते. दबणाऱ्या हवेत ढग वाढत नाहीत. अँडीजच्या पठारावर, उंचावरचे पश्चिमी वारे जोर धरून अॅमेझॉनकडून येणारी ओल अडवतात. एकाच कारणानं तिथला बटाटा आणि इथली कपाशी तहानलेली.

हे कोडं सोडवायला सुरुवात मात्र भारतात झाली. १८९६-९७ आणि १८९९-१९०० अशा लागोपाठच्या दुष्काळांनी तेव्हाचा मध्य प्रांत, त्यात वर्धाही, पिळून निघाला होता. १९०४ साली गिल्बर्ट वॉकर नावाचा गणिती भारताच्या हवामान खात्याचा प्रमुख म्हणून आला, मान्सूनचं भाकीत करायचं असं काम घेऊन. त्यानं जगभरच्या वेधशाळांचे आकडे मागवले आणि कारकुनांच्या फौजेकडून हातानं गणितं करवून घेतली. त्यांतून दिसलं की प्रशांताच्या एका बाजूला हवेचा दाब वाढला की हिंदी महासागराकडं तो घटतो आणि उलटंही. १९२४ साली तो निवृत्त झाला तेव्हा पुष्कळांनी हे आकड्यांचे खेळ म्हणून उडवून लावलं. १९६९ मध्ये हवामानशास्त्रज्ञ याकोब ब्यर्कनेस यांनी त्या दाबाच्या झोक्याचा आणि पेरूकडच्या तापलेल्या पाण्याचा मेळ घातला.

पण हा नियम लोखंडाचा नाही. १९९७ चा एल निनो विसाव्या शतकातल्या सर्वांत बलवानांपैकी, तरी त्या वर्षी देशात पाऊस सरासरीइतका झाला. २००२ चा मध्यम, तर दुष्काळ पडला. तिकडंही २०२२ च्या अखेरीला प्रशांतात थंड पाण्याची ला निना असताना पुनोकडचा पाऊस दगा देऊन गेला.

आम्ही तिथं होतो त्या महिन्यात अमेरिकेच्या हवामान संस्थेनं एल निनो सुरू झाल्याचं जाहीर केलं होतं. विदर्भात मान्सून २३ जूनच्या सुमारास पोचला, जुलैत इतका बरसला की यवतमाळकडं पूर आले, आणि ऑगस्ट देशभरात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ठरला. सप्टेंबरात सोयाबीनवर पिवळा मोझॅक पसरला आणि विदर्भातली शिवारं शेंगा भरण्याआधीच पिवळी पडली. भावानं सोयाबीनमध्ये रोटाव्हेटर घातला. कपाशी तेवढी टिकली, तिची पहिली वेचणी दिवाळीच्या आसपास झाली.